वाघाच्या पलीकडची चित्रं: खवल्या, घुबड, कासव आणि त्यांचा चोरटा बाजार

रंगपेटी

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह असतो आणि त्यात आमच्याकडच्या शाळांची चित्रकला स्पर्धा होते. विषय बहुतेक वेळा ‘वाघ वाचवा’. मुलं जीव ओतून वाघ काढतात, बक्षिसं वाटली जातात, चित्रं कपाटात जातात. वाघाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण आमच्या मुलांनी वाघ फक्त पुस्तकात पाहिलाय, आणि त्यांच्या गावातून जो प्राणी पोत्यात घालून विकायला नेतात त्याच्यावर एकही चित्र येत नाही.

मध्यंतरी वर्गात खवले मांजराचा फोटो दाखवला. मागच्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला, “बाई, हा खवल्या. आमच्या सड्यावर येतो. त्याचा खवला कमरेला बांधला की नजर लागत नाही.” (सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं पठार.) वर्गात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. त्या दिवसापासून डोक्यात घोळतंय की चित्र काढून घ्यायचं तर याच गोष्टीवर काढून घ्यावं.

यंदा स्पर्धेची आखणी माझ्याकडे आली आहे. खवले मांजर, मांडूळ, घोरपड, घुबड, चांदणी कासव असे आपल्याकडे चोरून विकले जाणारे प्राणी मला विषयात आणायचे आहेत. चित्रच हवं असंही नाही. नमन-दशावतारासारखी लोकनाट्यं, रांगोळी, भिंतीवरची चित्रं, काहीही चालेल. ज्यांनी असं काही केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. काय उपयोगी पडलं आणि काय फुकट गेलं, दोन्ही हवं आहे.

सड्यावरून

ताई, विषय काढलात, फार बरं झालं. तुमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. चिपळूण तालुक्यात डुगवे नावाचं गाव आहे. तिथे २०२० च्या फेब्रुवारीत, जागतिक खवले मांजर दिनाला, गावाने ‘खवलोत्सव’ केला. सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था त्यामागे होती. खवले मांजराची प्रतिकृती केली, तिची पूजा केली आणि ती पालखीतून मिरवली.

कोकणात पालखीला काय मान असतो ते इथे सांगायला नको. शिमग्यात पालखी घरी येणार म्हणून मुंबईचा चाकरमानी रजा टाकून येतो. त्या पालखीत ज्याला बसवलं त्याला दुसऱ्या दिवशी पोत्यात घालणं गावातल्या माणसाला जड जाणार. याच संस्थेने वेळासला कासवांचं काम केलंय. पूर्वी तिथे ऑलिव्ह रिडलेची अंडी काढून विकली जायची, आता त्याच किनाऱ्यावर पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात आणि गावात घरोघरी राहतात.

मुलांना चित्र काढायला सांगाल तर खवल्याची माहिती आधी नीट द्या, कारण तो रात्रीचा प्राणी आहे, फार थोड्यांनी धड पाहिलाय. त्याला दात नसतात. लांब चिकट जिभेने मुंग्या आणि वाळवी खातो. पुढच्या पायाची नखं एवढी मजबूत असतात की जांभ्यासारख्या कडक जमिनीतलं वारूळही फोडतो. आमच्या सड्यावर पावसाळ्यानंतर फोडलेली वारुळं दिसतात, कडेला नखांच्या खोल रेघा असतात आणि उकरलेल्या मातीचा छोटा ढीग. मादीला एका वेळी सहसा एकच पिल्लू होतं आणि ते आईच्या शेपटीच्या बुडाला धरून फिरतं. म्हणजे एक मादी गेली की तिथली पुढची पिढी गेली.

भीती वाटली की तो अंगाचा चेंडू करून पडून राहतो. बिबट्याला हा चेंडू उलगडता येत नाही. माणूस मात्र तो सरळ उचलतो. मला वाटतं चित्राला विषय इथेच आहे.

आणि खवले म्हणजे केराटिन, आपली नखं ज्याची बनलेली असतात तेच. त्यात औषध नाही आणि नजर उतरवायची ताकदही नाही. त्या मुलाला एवढं सांगितलं तरी पुरे.

साधा_प्रश्न

सगळं चांगलं आहे, पण मनातला प्रश्न विचारतो. ज्याला चार पैसे मिळवायचे आहेत तो शाळेच्या भिंतीवरचं चित्र बघून थांबेल का? विकत घेणारा तर त्या भिंतीपाशी येतच नाही. जनजागृतीच्या नावाखाली आपण ज्यांना आधीच पटलंय त्यांनाच पुन्हा पुन्हा सांगतो. मी निराश करायला लिहीत नाही. चित्र नेमकं कुणी बघायचं आहे हे आधी ठरवलं नाही तर कष्ट वाया जातील असं मनापासून वाटतं.

बीटगार्ड

मी वन खात्यातून निवृत्त झालो. वरचा प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर लिहितो.

या धंद्यात साधारण तीन माणसं असतात. रानात पकडणारा, मधला, आणि शेवटी घेणारा. परदेशी जाणाऱ्या मालाची साखळी याहून लांब असते, तिथे शाळेचं चित्र पोचत नाही हे खरं. पण आपल्याकडच्या पुष्कळ प्रकरणांत मी काय पाहिलं ते सांगतो. गावातली दोन-चार पोरं, वय वीस-पंचवीस. कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं असतं की मांडुळाला किंवा खवल्याला लाखो-कोटी मिळतात. त्यावर विश्वास ठेवून ती प्राणी पकडतात. गिऱ्हाईक नसतंच. मग गोणपाटात, बादलीत, गाडीच्या डिकीत प्राणी घेऊन गिऱ्हाईक शोधत फिरतात. शेवटी भेटणारं गिऱ्हाईक आमचंच असतं, बनावट. पोरं तुरुंगात जातात, आणि तोवर उपाशी प्राणी अर्धमेला झालेला असतो.

ही पोरं काही वर्षांपूर्वी तुमच्याच वर्गात बसलेली असतात, ताई. म्हणून शाळेत केलेलं काम वाया जात नाही. पकडणारा हात तयार होण्याआधी तुम्ही तिथे आहात.

यातून एक कळकळीची सूचना. चित्रावर, घोषवाक्यात, नाटकात प्राण्याची किंमत लिहू नका. “कोटींचे खवले जप्त” अशी बातमी वाचून किती जणांच्या डोक्यात किडा शिरतो ते आम्ही पाहिलंय. मुलं वर्तमानपत्रातलं कात्रण बघून नोटांची पुडकी काढतील, ती काढू देऊ नका. त्याऐवजी कायदा लिहा. खवले मांजर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा व्यापार केला तर किमान ३ आणि जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, दंड २५ हजारांपेक्षा कमी नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावर तर खवले मांजराच्या आठही जातींसाठी २०१७ पासून पूर्ण बंदी आहे. आणि प्रत्येक चित्राच्या खाली वन खात्याचा १९२६ हा क्रमांक मोठ्या अक्षरात असू द्या. चित्र बघून कुणाला काही करावंसं वाटलं तर लगेच करता आलं पाहिजे.

मांडुळाबद्दलही दोन ओळी. त्याची शेपटी बोथट असते म्हणून लोक दोन तोंडं म्हणतात, गुप्तधन दाखवतो म्हणतात. तो बिनविषारी साप आहे, मऊ मातीत राहतो आणि उंदीर खातो. वजनावर किंमत ठरते या समजुतीपायी त्याचे हाल करतात ते मुलांसमोर सांगवत नाहीत.

रंगपेटी

काका, किंमत लिहायची नाही हे माझ्या यादीत सगळ्यात वर गेलं. स्पर्धेच्या नियमांतच घालते.

कुंचला

मी पुण्यात जाहिरातींची आणि पुस्तकांची चित्रं काढतो. इथे एक गोष्ट अजून आलेली नाही आणि ती आली नाही तर या धाग्याला अर्थ राहणार नाही. मुलं हे चित्र कोणत्या ब्रशने काढणार?

आपल्या देशात मुंगसाच्या केसांचे ब्रश सर्रास विकले गेले आहेत. तैलरंगाला, पोस्टर रंगाला, पाट्या रंगवायला. हे केस मुळाशी ताठ आणि टोकाला निमुळते असतात, रंग चांगला धरतात, म्हणून चित्रकारांना आवडतात. केस भादरून घेऊन मुंगूस सोडून देत नाहीत, त्याला मारतात. किलोभर कामाचे केस मिळवायला पन्नासेक मुंगसं मारावी लागतात असा वन्यजीव क्षेत्रातल्या लोकांचा अंदाज आहे. उत्तर प्रदेशात बिजनौर जिल्ह्यात शेरकोट हे ब्रश बनवण्याचं मोठं केंद्र. ऑक्टोबर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने देशभर एकाच वेळी छापे घातले. त्यात ५४ हजारांहून जास्त ब्रश आणि ११३ किलो कच्चे केस सापडले. वरचा हिशेब लावून बघा.

मोहिमेचं नाव ‘क्लीन आर्ट’, आणि छापे ब्रशच्या कारखान्यांपासून रंगसाहित्याच्या दुकानांपर्यंत. आपल्या क्षेत्राने याची लाज बाळगायला हवी असं मला वाटतं. वन्यजीव सप्ताहात मुंगसाच्या केसाने खवले मांजर रंगवायचं, हे होता कामा नये.

ओळखायचं कसं ते सांगतो. ब्रश उजेडात धरायचा, केस बोटाने फाकवायचे आणि भिंगातून एकच केस बघायचा. मुंगसाचा केस एकरंगी नसतो. टोक गडद तपकिरी, मध्ये फिकट सायीसारखा पट्टा, खाली पुन्हा गडद. झाडीत पळणारं मुंगूस करडं, ठिपक्या-ठिपक्यांचं दिसतं ते याच पट्ट्यांमुळे. कृत्रिम धाग्याच्या ब्रशमध्ये प्रत्येक धागा बुडापासून टोकापर्यंत एकसारखा असतो, पट्टे नसतात. रंगाने माखलेला जुना ब्रश आधी स्वच्छ धुऊन मग बघा.

दुकानात विचारलं तर “नॅचरल हेअर आहे, मस्त चालतो” एवढंच उत्तर मिळतं. कुठला प्राणी, हे विचारा. नीट सांगता आलं नाही तर घेऊ नका. चांगले नायलॉनचे ब्रश आता सहज मिळतात, मी स्वतः पुस्तकांचं सगळं काम त्यांवरच करतो. गोल ब्रशचं टोक लवकर फाकतं ही एक अडचण आहे, ती मान्य करून चालतो.

ताई, माझी विनंती अशी की स्पर्धेच्या आधी एक तास मुलांना भिंगं द्या आणि आपापल्या कंपासपेटीतले, शाळेच्या कपाटातले ब्रश तपासू द्या. मुलांच्या हातात बाजार येतो, चित्रातला नव्हे, खराखुरा. कुठल्याही भाषणापेक्षा हे जास्त लक्षात राहील.

सायली_के

हे वाचून आत्ता उठून माझ्या मुलीचे ब्रश बघितले. सगळे नायलॉनचे निघाले, हायसं वाटलं. पण हे इतकी वर्षं कुणीच कसं सांगितलं नाही? तिच्या चित्रकलेच्या क्लासच्या ग्रुपवर हा प्रतिसाद टाकू का?

कुंचला

जरूर टाका. नाव नाही दिलंत तरी चालेल.

ब्रह्मपुत्रेकाठी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं गुवाहाटीत आहे. ‘साधा_प्रश्न’ यांनी विचारलं की चित्र कुणी बघायचं. आसाममध्ये याचं जे उत्तर मी पाहिलं ते लिहितो. हे उदाहरण व्यापाराचं नाही, अधिवासाचं आहे, पण कला वापरण्याची रीत शिकण्यासारखी आहे.

हरगिला हा करकोच्यांतला एक पक्षी. उभा राहिला तर माणसाच्या छातीपर्यंत येतो, टक्कल पडलेलं डोकं, गळ्याला लोंबती पिशवी. कचऱ्याच्या ढिगावर मेलेली जनावरं खातो. घरटी करतो ती लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर, आणि घरट्यातून खाली सडकं मांस आणि विष्ठा पडते. त्यामुळे लोक त्याला अपशकुनी मानायचे आणि झाडंच तोडायचे. २००७ च्या सुमारास पूर्णिमा देवी बर्मन या अभ्यासक कामरूप जिल्ह्यात होत्या. घरट्यांसकट झाड तोडलेलं आणि पिल्लं खाली पडलेली त्यांनी पाहिली. त्यांनी पीएच.डी. बाजूला ठेवली आणि दादरा, पचरिया, शिंगिमारी या गावांतल्या बायकांबरोबर काम सुरू केलं.

त्यांनी फलक लावून सुरुवात केली नाही. आसामी घरात माग असतो. बायकांनी गामोशावर आणि मेखेला चादर या आपल्या पारंपरिक पेहरावावर हरगिला विणायला घेतला. गामोसा म्हणजे इकडे पाहुण्याच्या गळ्यात घालायचं, देवापुढे ठेवायचं वस्त्र. ज्याला लोक हाकलत होते तो पक्षी सन्मानाच्या वस्त्रावर आला. शिवाय ती वस्त्रं विकून बायकांच्या हातात पैसे आले. घरट्यांच्या हंगामात पक्षिणीचं डोहाळजेवण करतात, गाणी म्हणतात. आज ‘हरगिला आर्मी’त दहा हजारांहून जास्त बायका आहेत. त्या गावांतली घरटी २८ वरून २५० च्या वर गेली. २०२२ मध्ये बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार मिळाला आणि २०२३ मध्ये हा पक्षी संकटातल्या जीवांच्या जागतिक यादीत ‘धोक्यात’ या वर्गातून दोन पायऱ्या बाहेर, ‘संकटसमीप’ वर्गात आला.

मी एका घरी जेवायला गेलो असताना ज्या आजींनी गामोसा घातला त्या विणताना चोचीचा रंग कोणता घ्यावा यावर सुनेशी वाद घालत होत्या. विणीच्या दिवसांत मानेचा रंग बदलतो, तो दोघींना माहीत होता. पक्षी रोज बघितल्याशिवाय असा वाद होत नाही. हरगिला काढायचा म्हणजे आधी बघायचा. चित्रकलेचा मोठा फायदा मला तिथे कळला.

व्यापाराचंही एक उदाहरण इथलंच. २२ सप्टेंबर २०२१ ला, जागतिक गेंडा दिनी, आसाम सरकारने बोकाखात इथे कोषागारात साठलेली २,४७९ गेंड्याची शिंगं जाहीरपणे जाळली. शिंगाला औषधी मोल नाही, आम्ही ते विकण्यासाठी साठवत नाही, हे सांगायला. पुढच्या वर्षी त्या राखेचा वापर करून काझीरंगात गेंड्यांची शिल्पं उभारली. मी ती पाहिली आहेत. लोक समोर उभे राहून फोटो काढतात आणि मार्गदर्शक शिंगांची गोष्ट सांगतो. राख कशाची हे कळल्यावर पोरंसुद्धा क्षणभर हात लावायला कचरतात.

साधा_प्रश्न

हे वाचून माझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं. पालखी काय, गामोसा काय, लोक ज्याला आधीच मान देतात त्या जागी प्राणी नेऊन बसवला आहे. फलकाला तो मान नसतो. धन्यवाद, मनापासून.

निशाचर

पुरंदर तालुक्यातून लिहितोय. आमच्याकडे पिंगोरीला इला फाउंडेशनने २०१८ पासून उलूक उत्सव सुरू केला. मुलं घुबडाची चित्रं काढतात, कागदाची घुबडं करतात, मेंदी काढतात, चेहऱ्यावर घुबड रंगवून घेतात. ज्या पक्ष्याचं नाव शिवी म्हणून वापरतात त्याचा मुखवटा घालून पोरं दिवसभर मिरवतात.

घुबडाला याची गरज फार आहे. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या २०१० च्या अहवालात देशातल्या ३० प्रजातींपैकी १५ प्रजाती बाजारात आढळल्याची नोंद होती. दिवाळीच्या सुमाराला जादूटोण्यासाठी मागणी वाढते. म्हणून ताई, ऑक्टोबरचा पहिला आठवडा घुबडासाठी अगदी योग्य वेळ आहे. दिवाळी त्याच्या पाठोपाठ येते.

कोकणात नमन-दशावतार असेल, आमच्या देशावर पिंगळा यायचा. पहाटे कंदील आणि कुडमुडं घेऊन, पिंगळा या छोट्या घुबडाची बोली समजते असं सांगत भविष्य सांगणारा. आता क्वचित येतो. गावातल्या मुलांकडून बसवून घ्यायला मी त्या चालीवर चार ओळी बांधल्या आहेत, उपयोग झाला तर घ्या:

अवसेच्या राती मला कुणी धरून नेलं?
माझ्यामागं उंदरांनी शेत कुणाचं खाल्लं?
रातभर राखण केली, दाम नाही घेतला,
धनी, तुझा राखणदार बाजारात विकला!

शेतकऱ्याला दया-माया सांगण्यापेक्षा उंदीर सांगितलेला लवकर पटतो. गव्हाणी घुबडाचं जोडपं पिल्लांसाठी एका हंगामात किती उंदीर नेतं हे ज्याने घरट्याखालच्या, घुबडाने ओकलेल्या गोळ्या फोडून कवट्या पाहिल्यात त्याला विचारा. मुलांना त्या गोळ्या फोडून दाखवा, त्यातली हाडं कागदावर मांडा आणि त्यांचं रेखाटन काढायला सांगा. हात धुवायला मात्र लावा.

रंगपेटी

निशाचर दादा, ओळी फार आवडल्या. “राखणदार बाजारात विकला” हे आमच्या भिंतीवर जाणार, तुमची परवानगी गृहीत धरते.

निशाचर

घ्या की. नाव नको, चाल नीट बसवा एवढंच. तिसऱ्या ओळीवर कुडमुडं थांबवायचं.

माहेरवाशीण

थोडं वेगळं विचारते. माझ्या नात्यात एका घरी चांदणी कासव पाळलंय. वास्तूला चांगलं म्हणून कुणीतरी दिलं. घरातली माणसं वाईट नाहीत, पोरासारखं जपतात, काकडी-कोथिंबीर खायला घालतात. त्यांना हा गुन्हा आहे हे सांगायचं कसं? आणि सांगितलं तर ती घाबरून ते विहिरीत सोडून देतील अशी मला भीती वाटते.

बीटगार्ड

ताई, विहिरीत किंवा तळ्यात सोडू देऊ नका. चांदणी कासव कोरड्या माळरानावरचं आहे, त्याला पोहता येत नाही, ते बुडून मरेल. ओळखीच्या माळावर सोडणंही बरोबर नाही, आजार पसरू शकतो. १९२६ ला फोन करा किंवा जवळच्या वन कार्यालयात कळवा. स्वतःहून पुढे आलेल्या माणसाशी खात्यातले लोक समजुतीने बोलतात असा माझा अनुभव आहे.

समजावताना एवढं सांगा की हे कासव अंड्यातून त्यांच्या घरी आलेलं नाही. अशी कासवं पिशव्यांत, बॅगांत एकावर एक रचून, हलू नयेत म्हणून पाय चिकटपट्टीने बांधून नेतात. त्यातली वाचलेली बाजारात पोचतात. चांदणी कासवाची तस्करी एवढी वाढली की २०१९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद करावा लागला. प्रेमाने घेतलेलं एक कासव पुढच्या बॅगेची मागणी ठरतं.

सड्यावरून

माहेरवाशीण ताई, देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतंच की आपल्याकडे. शेकडो वर्षं आपण त्यालाच नमस्कार करत आलो. घरासाठी पितळी किंवा दगडी कासव भेट द्या आणि जिवंत कासव खात्याकडे सोपवताना ते त्या जागी ठेवा. रिकामी जागा राहिली तर कुणीतरी दुसरं आणून देईल.

माहेरवाशीण

हे जमेल. पितळी कासव घेऊनच जाते.

डोंगरपाडा

जव्हारकडची आहे, माझ्या घरी वारली चित्रं काढतात. हा धागा कुणीतरी पाठवला. एक बोलायचं आहे.

प्राणी वाचवा म्हटलं की शहरातली माणसं वारली पद्धतीची माणसं आणि झाडं काढून भिंती भरतात. छान दिसतं. पण आमच्याकडे वाघोबा देव आहे. त्याचा दगड, लाकूड असतं, शेंदूर लावतात, दिवाळीच्या आधी वाघबारसीला त्याची पूजा होते. त्याला कोंबडं, नारळ देतात आणि आमची गुरं राख म्हणतात. आम्ही वाघ-बिबट्याच्या शेजारी राहतो ते असं, भीतीही आहे आणि मानही आहे. चित्रात तेही आलं पाहिजे. नुसते नाचणारे त्रिकोण काढून त्याखाली ‘जंगल वाचवा’ लिहिलं की आम्ही त्यातून गायब होतो. उलट शिकार करणारे म्हणून आदिवासीच दाखवतात, विकत घेणारा गाडीतला माणूस कुणी काढत नाही.

रंगपेटी ताई, तुमच्या मुलांना सांगा, चित्रात गिऱ्हाईक काढा. त्याचं घर काढा, त्याचा गल्ला काढा.

साधा_प्रश्न

या प्रतिसादाने मी हललो. खरंच, मी आजवर पाहिलेल्या अशा एकाही चित्रात गिऱ्हाईक नव्हतं.

जुनी_वस्तू

डोंगरपाडा ताईंच्या मुद्द्याला धरून. कला स्वतःच गिऱ्हाईक होती, हेही मुलांना कळू द्या. हस्तिदंतावरचं कोरीवकाम ही आपल्या देशातली मोठी परंपरा, संग्रहालयांत बघताना डोळे खिळतात. भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार १९८६ मध्ये आणि आफ्रिकी दाताचा १९९१ मध्ये देशात बंद झाला. तेव्हा कारागीर चंदनाकडे, इतर लाकडाकडे, उंटाच्या हाडाकडे वळले. त्यांचं नुकसान झालं, हे लपवू नये. शाहतूशच्या शालीचंही तसंच. तिबेटी चिरू हरणाची लोकर, एका शालीला तीन ते पाच चिरू मारलेले. विणकराचं कसब अस्सल, आणि मेलेले चिरूही खरे. मोठ्या वर्गातल्या मुलांशी हे बोलता येतं, ती समजून घेतात.

रंगपेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले, मुख्याध्यापकांशी आणि इतर शाळांच्या कलाशिक्षकांशी बोलले. आता जे ठरलंय ते लिहिते, त्यात काही चुकत असेल तर आत्ताच सांगा.

स्पर्धेचा विषय ‘माझ्या गावातून काय विकलं जातं?’ असा ठेवलाय. चित्रात प्राणी असेल आणि तो घेणारा माणूसही असेल. किंमत आणि नोटा नाहीत. प्राणी कुणी हातात धरलेला किंवा मांडीवर घेतलेला दाखवायचा नाही, कारण त्याने पाळायची हौस वाढते असं एका शिक्षकांनी सुचवलं आणि मला ते पटलं. गुण देताना नुसती सफाई बघणार नाही. खवल्याच्या नखाचा बाक, घुबडाच्या बोटांची ठेवण, मांडुळाची बोथट शेपटी, हे निरखून काढलंय का ते बघणार. आसामच्या आजींची गोष्ट मी मुलांना सांगितली आहे.

पहिल्या दिवशी ब्रश तपासायचे. विज्ञानाच्या प्रयोगशाळेतली भिंगं मिळाली आहेत. तालुक्याच्या गावात रंगसाहित्याचं जे दुकान आहे तिथे आम्ही दोघी शिक्षिका आधीच जाऊन आलो, मुंगसाचा ब्रश काय ते दुकानदारांना दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वेळी माल मागवताना विचारीन म्हणाले. मी पुन्हा जाऊन विचारणार आहे.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे वडील नमनात संकासुर करतात. त्यांना भेटले. संकासुराच्या सोंगात खवल्याचा प्रवेश घालता येईल का विचारलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बाई, आमच्या घरात पण एक खवला आहे, माझ्या आजाने ठेवलेला. तो आधी कुठं द्यायचा ते सांगा, मग सोंगाचं बघू.” काका, याचं उत्तर तुमच्याकडून हवं आहे.

बीटगार्ड

त्यांना एकटं पाठवू नका, शाळेतून कुणीतरी सोबत जा. परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या: घरात पूर्वजांनी ठेवलेला खवला आहे, स्वेच्छेने जमा करत आहोत. पोच घ्या. खवला तोवर कुणाला देऊ नका, त्याचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. जाण्याआधी फोन करून ठेवा. हे सगळं वन्यजीव सप्ताहाच्या आत उरकून घ्या, म्हणजे त्यांना मोकळ्या मनाने सोंग घेता येईल.

सड्यावरून

नमनाच्या प्रवेशासाठी खवल्याचं सोंग मी करून देतो. सुपारीची विरी, म्हणजे पानाच्या बुडाचं रुंद आवरण, वाळवून कापली की खवल्यांसारखी एकावर एक बसते, वजनाला हलकी आणि आत वाकता येतं. चेंडू झाला पाहिजे, नाहीतर प्रवेशात काही राहणार नाही. मुलाची उंची आणि छातीचं माप व्यक्तिगत निरोपात पाठवा.